गोल्फचा हँडिकॅप: साताऱ्याहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फौजेतून निवृत्त होऊन सदर बझारला राहायला आलो, तेव्हा गोल्फ सुटला असंच धरून चाललो होतो. सुटला नाही. महिन्यातून दोनदा आम्ही चौघं पहाटे चारला गाडी काढतो: कऱ्हाडचे डॉक्टर, सांगलीचे हळदवाले शेठ (हे आदल्या रात्रीच माझ्याकडं मुक्कामाला येतात), माझा भाचा आणि मी. खंबाटकीचा बोगदा, शिरवळला चहा, आणि उजाडायला पुण्यात पहिल्या टीवर (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा). जाताना-येताना गाडीत जी वादावादी होते, त्यातली निम्मी हँडिकॅपवरून असते. नवीन खेळायला लागलेली मंडळीही हेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

हँडिकॅप म्हणजे नेमकं काय?

लहानपणी विटीदांडू खेळताना धाकट्या भावाला "कच्चं लिंबू" करून घ्यायचो, आठवतंय? तो बाद झाला तरी बाद नसायचा. हँडिकॅप ही तशीच सवलत, पण एक मोठा फरक आहे. कच्च्या लिंबाचा खेळ कुणी मोजत नव्हतं. इथं सवलत घेऊन तुम्ही जिंकलात तर खरोखरच जिंकता.

दुसरं उदाहरण जत्रेतल्या कुस्त्यांचं. आखाड्यात पंच मंडळी आधी जोड जुळवतात, वजनानं आणि तयारीनं तोलामोलाचे पैलवान समोरासमोर आणतात, कारण विजोड कुस्तीत कुणालाच मजा नाही. गोल्फमध्ये जोड विजोडच राहू देतात आणि कमी पडणाऱ्याला फटके देतात, म्हणजे त्याच्या एकूण फटक्यांतून तेवढे वजा करतात (कमी फटक्यांवाला जिंकतो). शेठचा स्कोअर १०२ आणि भाच्याचा ८४, तरी दोघांची लढत शेवटच्या होलपर्यंत चुरशीची होऊ शकते. सतरा वर्षांचा पोरगा आणि सत्तरीतले आजोबा एकाच सामन्यात बरोबरीनं खेळू शकतात असे खेळ मला तरी फार माहीत नाहीत.

शब्दाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये जुन्या काळी "हँड इन कॅप" नावाचा वस्तूंच्या अदलाबदलीचा खेळ होता, दोन वस्तूंच्या किमतीतला फरक पंच ठरवायचा. तिथून हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत आला आणि मग गोल्फमध्ये.

म्हणजे माझ्या स्कोअरची सरासरीच ना?

नाही. ९० टक्के गैरसमज इथंच होतात. हँडिकॅप तुमची सरासरी सांगत नाही, तुम्ही चांगल्या दिवशी काय करू शकता ते सांगतो. शेवटच्या २० कार्डांपैकी (कार्ड म्हणजे एका फेरीच्या स्कोअरची नोंद) सर्वांत चांगली ८ घेतात आणि त्यांचीच सरासरी काढतात. उरलेली १२ हिशेबात येतच नाहीत, फक्त रांगेत उभी असतात.

म्हणून "माझा हँडिकॅप १८, मग मी रोज पारपेक्षा १८ वर का खेळत नाही?" ही तक्रार घेऊन येऊ नका (पार म्हणजे होलला किंवा कोर्सला ठरवून दिलेले फटके). रोजचा खेळ त्यापेक्षा दोन-चार फटके वाईट असणं हेच बरोबर आहे. चार-पाच फेऱ्यांत एकदा हँडिकॅप गाठलात, तर तुमचा आकडा खरा आहे असं समजा.

साताऱ्यात किंवा सांगलीत राहून हँडिकॅप काढता येतो का?

येतो. राहता कुठं याला महत्त्व नाही. दोन गोष्टी लागतात. एक, राष्ट्रीय संघटनेशी संलग्न क्लबचं सदस्यत्व. आपल्याकडं ही संघटना म्हणजे इंडियन गोल्फ युनियन, आयजीयू, १९५५ साली स्थापन झालेली. दुसरी, ज्या कोर्सवर खेळाल त्याला कोर्स रेटिंग आणि स्लोप रेटिंग (अवघडपणाचे दोन आकडे, पुढं सांगतो) मिळालेलं असणं. शेतात जाळी बांधून मारलेले बॉल, खळ्यावर केलेलं पटिंग (बॉल जमिनीवरून होलकडं ढकलणं), सुट्टीत कुठल्या तरी रिसॉर्टच्या हिरवळीवर मारलेले चार फटके, यांचं कार्ड होत नाही.

आमच्याकडचे बहुतेक जण पुण्यालाच जातात, येरवड्याच्या कोर्सवर किंवा शहराच्या पश्चिमेला डोंगरातल्या ऑक्सफर्डवर. फौजी मंडळींना छावण्यांतल्या कोर्सची सोय असते. या जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावं आहेत जिथं घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं गोल्फची काठी हातात धरलेले लोक इथं वाटतं त्यापेक्षा जास्त सापडतील. बरेच जण मुळात कॅडी (खेळाडूची पिशवी वाहणारे) किंवा सहायक म्हणून कोर्सवर पोचले आणि साहेबांपेक्षा बरे खेळायला लागले.

किती कार्डं टाकली की हँडिकॅप मिळतो?

५४ होलांची. १८ होलच्या तीन फेऱ्या, नाहीतर नऊ-नऊच्या सहा, किंवा दोन्हींची सरमिसळ. कमाल हँडिकॅप ५४.०, पुरुषांनाही आणि बायकांनाही तोच. म्हणजे प्रत्येक होलला तीन फटके जास्तीचे. त्यामुळं "आधी जरा खेळ सुधारतो, मग हँडिकॅप काढतो" ही सबब चालणार नाही. डॉक्टरांनी या सबबीवर दोन वर्षं घालवली.

२० कार्डं होईपर्यंत हिशेब वेगळा चालतो, आणि तो बऱ्याच जणांना चक्रावतो. भाच्याची सुरुवातीची कार्डं बघा. (प्रत्येक कार्डाचा "डिफरन्शियल" काढतात, तो कसा ते पुढं येतंय.) पहिली तीन ३१.६, २८.९ आणि ३४.२. तीन कार्डं असताना सर्वांत कमी आकडा घेऊन त्यातून २.० वजा करतात, म्हणून हँडिकॅप २६.९. चौथं कार्ड ३०.३ आलं. आता सर्वांत कमी आकड्यातून १.० वजा, म्हणजे २७.९. पाचवं २९.५. पाच झाली की वजाबाकी नाही, सरळ २८.९.

भाचा चिडला. "मामा, मी बरा खेळतोय आणि आकडा वाढतोय!" अरे, सुरुवातीची वजाबाकी ही खबरदारी असते. नवखा माणूस भराभर सुधारतो म्हणून त्याला थोडं कमीच धरतात. सहाव्या कार्डाला २७.७ आले, तेव्हा सर्वांत चांगल्या दोनांची सरासरी २८.३, त्यातून १.० वजा, म्हणजे २७.३. आकडा खाली आल्यावर स्वारी खूश.

पुढं कार्डं वाढतील तशी मोजायची कार्डंही वाढतात. ७ किंवा ८ असताना दोन, ९ ते ११ ला तीन, १२ ते १४ ला चार, १५-१६ ला पाच, १७-१८ ला सहा, १९ ला सात आणि २० ला आठ. हे पाठ करायची गरज नाही, संगणक करतो.

हँडिकॅप निघायच्या आधीच एखाद्या होलवर चौदा फटके गेले तर?

जातात. लाजू नका. हँडिकॅप नसताना एका होलचा जास्तीत जास्त स्कोअर पार अधिक ५ धरतात. पार ४ चा होल असेल तर ९. त्यापुढं बॉल उचलून खिशात घाला, मागं उभ्या असलेल्या लोकांचे आशीर्वाद मिळतील.

कोर्स रेटिंग आणि स्लोप यांत फरक काय? दोन्ही अवघडपणाच मोजतात ना?

हा प्रश्न मी सावकाश सोडवणार आहे, कारण हे कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं.

पोवई नाक्यावरून सपाट रस्त्यानं पाच किलोमीटर पळायचं. भाचा माझ्या पुढं दहा मिनिटं. आता तेवढंच अंतर यवतेश्वरच्या घाटात. भाच्याचाही वेळ वाढेल, पण माझा फारच वाढेल, आणि आमच्यातलं अंतर वीस-पंचवीस मिनिटांवर जाईल. घाट दोघांनाही अवघड, पण मला जास्त अवघड.

कोर्स रेटिंग सांगतं तयार खेळाडूला, ज्याला स्क्रॅच म्हणतात आणि ज्याचा हँडिकॅप शून्य असतो त्याला, हा कोर्स किती फटक्यांत जावा. ते ७१.२ असं दशांशात असतं. स्लोप सांगतं की सामान्य खेळाडूला, म्हणजे बोगी गोल्फरला, तोच कोर्स त्या तयार गड्याच्या तुलनेत किती जास्त छळतो. स्लोप ५५ ते १५५ च्या मध्ये असतं आणि ११३ हा प्रमाण आकडा. ११३ म्हणजे सपाट रस्ता, १४० म्हणजे यवतेश्वर.

मापाला घेतलेला स्क्रॅच पुरुष साधारण २५० यार्ड ड्राइव्ह (टीवरून लांबचा फटका) मारतो आणि बोगीवाला २०० यार्ड. रेटिंग करणारी मंडळी फूटपट्टी घेऊन फिरतात आणि बघतात की या दोघांचे बॉल जिथं पडतील तिथं काय वाढून ठेवलंय. २१० यार्डांवर ओढा असेल तर पहिला त्यावरून उडवून नेतो आणि दुसऱ्याचा बॉल बेडकांत.

स्लोपची ही कल्पना डीन नथ या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याची. फौजी माणसानं गोल्फला दिलेली ही देणगी मी शेठना दर महिन्याला ऐकवतो.

प्रत्येक होलला जवळ-लांबच्या वेगवेगळ्या रंगांच्या टी असतात, आणि रेटिंग प्रत्येक टीचं वेगळं असतं. निळ्या टीवरून खेळून पांढऱ्या टीचे आकडे लिहिलेत तर कार्ड चुकलं. हे रोज घडतं.

डिफरन्शियल कसा काढतात? हातानं काढून दाखवा.

स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करायचं, आलेल्या आकड्याला ११३ नं गुणायचं आणि स्लोपनं भागायचं.

माझा मागच्या हिवाळ्यातला एक राऊंड घेऊ. कोर्स रेटिंग ७१.२, स्लोप १२६, पार ७२. कार्डावर ९८. पण हिशेबाला धरले ९४ (चार का गळाले ते पुढच्या उत्तरात). ९४ वजा ७१.२ म्हणजे २२.८. गुणिले ११३, भागिले १२६. उत्तर २०.४.

यात आणखी एक बारीक गोष्ट असते, त्या दिवशीच्या परिस्थितीची. वारा सुटला, ग्रीन (होलभोवतीची बारीक हिरवळ) दगडासारखे झाले आणि त्या दिवशी सगळ्यांचेच स्कोअर बिघडले, तर यंत्रणा ते ओळखते आणि समायोजन करते. खेळ सोपा झाला असेल तर उणे १ पासून, फारच कठीण झाला असेल तर अधिक ३ पर्यंत. त्यासाठी त्या कोर्सवर त्या दिवशी किमान आठ पात्र कार्डं यावी लागतात. तुम्हाला काही करायचं नाही, रात्री आपोआप होतं.

"नेट डबल बोगी" काय प्रकार आहे?

ते गळालेले चार फटके.

सातवा होल, पार ४, डाव्या अंगाला पाणी. पहिला बॉल पाण्यात. दंडाचा दुसरा. पुन्हा टीवरून तिसरा, तोही त्याच पाण्यात, त्याच जागी, जणू पहिल्याला सोबत हवी होती. दंडाचा चौथा. पाचवा फेअरवेवर पडला तेव्हा कॅडीनं टाळ्या वाजवल्या, आणि मला ते आवडलं नाही. सहावा बंकरमध्ये. सातव्यानं वाळू उडाली, बॉल हलला नाही. आठवा ग्रीनच्या पलीकडं. नववा ग्रीनवर, दहावा कडेला, अकरावा आत. डॉक्टर माझे मार्कर, म्हणजे माझा स्कोअर लिहिणारे. त्यांनी दोन्ही हातांची बोटं संपवली आणि मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "अकरा. लिहा."

एक वाईट होल सगळ्या कार्डाचा खून करतो आणि तुमच्या कुवतीबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून हँडिकॅपच्या हिशेबाला एका होलची कमाल मर्यादा असते, तीच नेट डबल बोगी: पार, अधिक २, अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे फटके. माझ्या बाबतीत ४ अधिक २ अधिक १, म्हणजे ७. अकराचे सात झाले, ९८ चे ९४.

नीट लक्षात घ्या, ही कपात फक्त हँडिकॅपसाठी. स्पर्धा स्ट्रोक प्लेची, म्हणजे एकूण फटके मोजायची, असेल तर तिथं अकरा म्हणजे अकराच. (स्टेबलफर्ड, म्हणजे होलागणिक गुण मोजायचा प्रकार, खेळणाऱ्यांना खूण: तिथं ज्या स्कोअरला शून्य गुण सुरू होतात, तोच नेट डबल बोगी.)

माझा इंडेक्स १८.४ आहे. मग मला १८ फटके मिळणार ना?

कोर्सवर अवलंबून आहे. हँडिकॅप इंडेक्स हा वर कार्डांवरून काढलेला, तुमच्याबरोबर फिरणारा आकडा. कोर्सवर पोचलात की त्याचा कोर्स हँडिकॅप करून घ्यायचा: इंडेक्स गुणिले स्लोप, भागिले ११३, आणि त्यात कोर्स रेटिंग वजा पार एवढी भर.

वरच्याच कोर्सवर, १८.४ गुणिले १२६ भागिले ११३ म्हणजे २०.५. कोर्स रेटिंग ७१.२ वजा पार ७२ म्हणजे उणे ०.८. उत्तर १९.७, म्हणजे २० फटके. आता एखादा छोटा, सोपा कोर्स घ्या: रेटिंग ६७.८, स्लोप १०८, पार ७०. तिथं १७.६ वजा २.२, म्हणजे १५.४, म्हणजे १५. तोच माणूस, तोच इंडेक्स, आणि पाच फटक्यांचा फरक. "मी सगळीकडं १८ वर खेळतो" म्हणणाऱ्यानं हिशेब केलेला नसतो.

स्पर्धेत आणखी एक पायरी असते, प्लेइंग हँडिकॅपची. वैयक्तिक स्ट्रोक प्लेला कोर्स हँडिकॅपचे ९५ टक्के देतात, एकास एक मॅच प्लेला (होलागणिक हार-जीत) पूर्ण १०० टक्के, जोडीनं फोरबॉल (जोडीतला चांगला स्कोअर धरायचा) स्ट्रोक प्ले असेल तर ८५ टक्के. १९.७ चे ९५ टक्के म्हणजे १८.७, म्हणून मला १९. टक्केवारी पूर्णांक करण्याआधीच्या आकड्यावर लावायची. यावरून आमच्या गाडीत शिरवळ ते कात्रज भांडण झालेलं आहे.

हे फटके कुठल्या होलवर घ्यायचे?

कार्डावर स्ट्रोक इंडेक्सचा, म्हणजे फटके कुठल्या होलला आधी द्यायचे त्या क्रमाचा, रकाना असतो, १ ते १८. तुम्हाला १५ मिळत असतील तर या रकान्यात १ ते १५ असलेल्या होलवर एकेक. २० असतील तर सगळीकडं एकेक आणि १ व २ क्रमांकावर दोन-दोन.

चांगला हँडिकॅप किती?

खरा असेल तो. एक अंकी हँडिकॅपवाल्याला आमच्यात मान आहे, तो पुण्याहून परतताना गाडीत पुढं बसतो असं म्हणायचो, पण चौघांत तसा कुणीच नाही.

प्रत्येक कार्ड टाकायचं का? वाईट दिवस सोडून दिला तर?

कुस्तीत वजन सगळ्यांसमोर काट्यावर होतं. गोल्फमध्ये तुम्ही स्वतःच काट्यावर चढता, स्वतःच आकडा वाचता आणि स्वतःच वहीत लिहिता. सही करणारा मार्कर असतो, क्लबची हँडिकॅप कमिटी असते, पण मुळात सगळी व्यवस्था तुमच्या शब्दावर उभी आहे. नियमांनुसार खेळलेली पात्र फेरी झाली की कार्ड टाकायचं, शक्यतो त्याच दिवशी मध्यरात्रीच्या आत. दुसऱ्या दिवशी नवा इंडेक्स दिसतो.

लबाडी दोन तऱ्हांची असते. पहिली, चांगली कार्डं दाबून ठेवायची आणि हँडिकॅप फुगवायचा. याला सँडबॅगर म्हणतात. एका स्पर्धेत २६ फटके घेणारे एक गृहस्थ ८५ मारून आले. फटके वजा जाता, म्हणजे नेट, ५९! बक्षिसाचा मायक्रोवेव्ह घेऊन गेले. मी दुसरा होतो, मला टोपी मिळाली. ती टोपी अजून घातलेली नाही.

दुसऱ्या तऱ्हेची लबाडी मी स्वतः केलीय, म्हणून तिच्याबद्दल जास्त अधिकारानं बोलतो. वाईट कार्डं गाडीच्या डॅशबोर्डात टाकायची आणि चांगली तेवढी भरायची. वर्षभरात मी १५ वर आलो. बायकोला सांगितलं, भावकीत सांगितलं. मग प्रत्येक पैजेत हरायला लागलो, कारण १५ चे फटके घेऊन खेळणारा माणूस प्रत्यक्षात १९ चा होता. वर्षभर परतीच्या मिसळीचं बिल मीच दिलं. शेवटी डॅशबोर्ड रिकामा केला, पुढची सगळी कार्डं टाकली आणि १८.४ वर आल्यावर झोप लागली.

कार्डं दडवणाऱ्याचा हँडिकॅप कमिटी बदलू शकते, दंडाचा स्कोअरही टाकू शकते.

एकट्यानं खेळलेली फेरी चालेल?

नाही. सोबत निदान एक माणूस हवा.

मॅचमध्ये समोरच्यानं "गिमी" दिली (बॉल होलमध्ये गेला असं धरलं), पट मारलाच नाही. मग काय लिहू?

जो स्कोअर बहुधा झाला असता तो. बॉल होलपासून पाच फुटांच्या आत असेल तर एक फटका मिळवा. पाच फूट ते २० यार्डांत असेल तर दोन किंवा तीन, त्याहून लांब असेल तर तीन किंवा चार. इथं स्वतःच्या पटिंगबद्दल प्रामाणिक राहावं लागतं. शेठ चार फुटांवरून तीन पट घालताना मी पाहिलेत, पण तिथंही एकच मिळवायचा.

मलिगन घेतलात, म्हणजे बिघडलेला फटका माफ करून दुसरा मारलात, तर ते कार्ड हँडिकॅपला नाही. स्क्रॅम्बलचंही नाही, तिथं सगळे मिळून एकच चांगला बॉल निवडून खेळतात, बॉल तुमचा एकट्याचा नसतोच.

नऊच होल खेळलो, किंवा मध्येच पाऊस आला तर?

नऊ होलचं कार्ड चालतं. २०२४ पासून नियम बदलला. इंडेक्स असलेल्या माणसाच्या नऊ होलच्या स्कोअरला, त्याच्याकडून उरलेल्या नऊ होलवर अपेक्षित असलेल्या खेळाची जोड देऊन लगेच १८ चा डिफरन्शियल काढतात. पूर्वीसारखं दुसऱ्या नऊची वाट पाहत बसावं लागत नाही. दुपारी कामावर परतायचं असणाऱ्यांना ही मोठी सोय.

पावसानं १८ ची फेरी थांबली आणि किमान दहा होल झाले असतील, तर १८ चं कार्ड धरलं जातं. जुलैत पुण्याला गेलात तर हा नियम खिशात ठेवा. चिखलामुळं बॉल उचलून, पुसून ठेवायची मुभा क्लबनं दिलेली असेल तरी कार्ड पात्रच राहतं.

आजारपणानंतर खेळ पार ढासळला. हँडिकॅप किती वर जाईल?

एकदम फार नाही. तुमची २० कार्डं झाली असली की मागच्या ३६५ दिवसांतला तुमचा सर्वांत कमी इंडेक्स खुंटा म्हणून ठोकलेला असतो. त्यापासून ३.० पर्यंत वाढ पूर्ण मिळते, पुढची निम्मी होते, आणि ५.० च्या वर काहीच नाही. समजा खुंटा १४.२ वर आहे आणि हिशेबानं २०.२ येतोय. वाढ ६.० ची. त्यातले ३.० पूर्ण, उरलेल्या ३.० चे १.५. इंडेक्स १८.७. खरोखर दुखणं असेल तर कमिटीशी बोला, त्यांना यात बदल करायचा अधिकार आहे.

उलट बाजूलाही ब्रेक आहे. एखाद्या दिवशी तुमचा डिफरन्शियल इंडेक्सपेक्षा ७.० ते ९.९ नं चांगला आला तर १.० जास्तीचा कापतात, १०.० किंवा अधिक असेल तर २.०. मायक्रोवेव्हवाल्यांचं पुढं काय झालं ते यावरून ताडा.

मिसेस लाल टीवरून खेळतात, मी पांढऱ्या. आमची बरोबरी कशी करायची?

टीचं रेटिंग बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगवेगळं काढलेलं असतं. दोघांनी आपापल्या टीचा कोर्स हँडिकॅप काढायचा. दोन्ही टीचा पार सारखा असेल तर काम झालं. पार वेगळा असेल, समजा त्यांचा ७३ आणि तुमचा ७२, तर जास्त पारवाल्याला फरकाएवढा फटका जादा, म्हणजे वहिनींना एक. स्टेबलफर्डमध्ये ही भर नसते.

वीस वर्षांपूर्वी युनिटला असताना माझा हँडिकॅप १६ होता. तोच सांगू का?

आठवण म्हणून सांगा. २०२० पासून आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी जगभरच्या सहा वेगवेगळ्या पद्धती मोडून एकच वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम आणली. जुन्या क्लबात नोंदी शिल्लक असतील तर विचारून बघा, कारण कार्ड जुनं झालं म्हणून बाद होत नाही, नवं येईपर्यंत रांगेत राहतं. नोंद नसेल तर पुन्हा तीन कार्डं. आमच्या वेळी काही ठाण्यांवर ग्रीनच नव्हते, तेल पाजलेल्या वाळूचे ब्राऊन होते. त्यावर १६ वर खेळणारा आज खऱ्या ग्रीनवर पहिल्या दिवशी रडतो. मी रडलो.

व्यावसायिक खेळाडूंचा हँडिकॅप किती असतो?

स्पर्धेत त्यांना तो लागत नाही. हौशीपणी मात्र बहुतेक जण "प्लस"मध्ये असतात, म्हणजे फटके मिळवायच्या ऐवजी कोर्सला परत द्यायचे. प्लस ३ वाल्याच्या स्कोअरमध्ये तीन मिळवतात. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी लष्करातल्या डॉक्टरांचा मुलगा. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली अदिती अशोक बंगळूरची. भाच्याला दोघांची नावं सांगितली की तो सरावाला जातो, दोन दिवस.

पहिलं कार्ड टाकायला जाताना काय लक्षात ठेवू?

क्लबात आधी विचारून घ्या की हँडिकॅपसाठी खेळतोय हे नोंदवावं लागतं का. कुठली टी ते ठरवा आणि कार्डावर त्या टीवर खूण करा. कार्डांची अदलाबदल करा, आपला स्कोअर दुसऱ्यानं लिहायचा. प्रत्येक होल संपला की पुढच्या टीवर जाऊन आकडा मोठ्यानं बोला, ग्रीनवर उभं राहून लिहीत बसू नका. बेरीज शेवटी बघा. दोन पेन्सिली न्या, एक हरवते. आणि साताऱ्याहून निघताना बोगद्याच्या अलीकडंच चहा घ्यायचा मोह आवरा, नाहीतर टी टाइम चुकतो.